आमच्यात असे नसते

गेल्या पावसाळ्यात पदवीच्या समाजशास्त्राचे एक पुस्तक भाषांतरासाठी माझ्याकडे आले आणि तिसरे प्रकरण संपता संपता परिभाषेच्या यादीतील चार शब्दांपाशी माझे काम थांबले. रेस, एथ्निसिटी, रेसिझम आणि एथ्नोसेंट्रिझम हे ते शब्द. त्यांना वंश, वांशिकता, वंशवाद आणि वंशकेंद्रितता असे प्रतिशब्द सर्रास वापरले जातात, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. मूळ भाषेत या चार शब्दांची मुळे दोन वेगळ्या ठिकाणी आहेत. मराठीत मात्र चौघांच्याही पोटात एकच वंश बसलेला आहे. ही यादी पाठ करणारा विद्यार्थी हे चारही शब्द एकाच झाडाच्या फांद्या आहेत असे समजेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

याच दिवसांत आमच्या सोसायटीच्या व्यवस्थापन समितीची एक सभा झाली. तिसऱ्या मजल्यावरील रिकामी सदनिका नागालँडहून आलेल्या दोन नोकरदार मुलींना भाड्याने द्यायची की नाही, हा तिच्यातला एक विषय होता. मी समितीची सदस्य आहे आणि मराठी बरे लिहिते या एकाच गुणावर सभेचे इतिवृत्त लिहिण्याचे काम अनेक वर्षे माझ्याकडे आहे. त्या अर्ध्या तासात जे बोलले गेले त्यात माझे चारही अडलेले शब्द होते, पण ते मला तिथे बसलेली असताना उमगले नाही, घरी येऊन उमगले. त्याविषयी पुढे लिहिते; आधी शब्दांचा हिशेब.

संस्कृतात वंश म्हणजे मुळात वेळू, बांबू. वेळूला पेरामागून पेर फुटत जाते तशी पिढीमागून पिढी वाढते, म्हणून घराण्याच्या परंपरेला वंश म्हटले गेले. वंशावळ, निर्वंश, वंशाचा दिवा हे आपले शब्द त्याच अर्थाचे. त्यात बाप आणि मुलगा आहेत, वारसा आहे, मुलगी नको असण्याचा जुना हट्टही आहे; पण त्वचेचा रंग, नाकाची रुंदी आणि कवटीचे माप त्यात कुठेच नव्हते. युरोपातून रेस ही कल्पना इथे आली तेव्हा ती याच शब्दाच्या अंगावर घातली गेली. परिणाम असा झाला की मुळात वर्गीकरणाची एक फसलेली खटपट असलेल्या गोष्टीला मराठीत घराण्याची आणि रक्ताची प्रतिष्ठा आयती मिळाली.

फसलेली खटपट हे शब्द मी जाणूनबुजून वापरत आहे. निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने १७३५ साली वनस्पती आणि प्राण्यांबरोबर माणसांचेही खंडांनुसार चार प्रकार मांडले. पुढच्या आवृत्त्यांत त्या प्रकारांना स्वभावही चिकटवले, आणि त्यात युरोपीय माणसाच्या वाट्याला अर्थातच सर्वांत चांगला स्वभाव आला. जर्मनीतील शरीरशास्त्रज्ञ ब्लुमेनबाख याने पुढे चाराचे पाच केले. आज अमेरिकेत गोऱ्या माणसाला कॉकेशियन म्हणतात त्याचे मूळ त्याच्या संग्रहातील जॉर्जियाच्या एका स्त्रीच्या कवटीत आहे. ती त्याला सर्वांत सुंदर वाटली, एवढाच तिचा अधिकार. गंमत अशी की ब्लुमेनबाख स्वतः माणसामाणसांत अशी उच्चनीचता मानणारा नव्हता. खाने पाडून तो बाजूला झाला, उतरंड इतरांनी रचली.

आपल्याकडे हे काम ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ली यांनी केले. १९०१ च्या जनगणनेचे ते आयुक्त होते आणि नाकाची रुंदी व लांबी यांच्या गुणोत्तरावर त्यांची अपार श्रद्धा होती. जातीची सामाजिक पायरी जितकी वरची तितके नाक बारीक, असा त्यांचा सिद्धान्त. मराठी मुलखातील लोकांना त्यांनी सिथो-द्राविड या खान्यात टाकले होते, म्हणजे मध्य आशियातून आलेल्या शकांचे आणि द्राविडांचे मिश्रण. आपले कितीतरी अभिमान आणि आकस अजूनही या धर्तीच्या वर्गवारीवर पोसले जात असतात, हे कोणत्याही लग्नाच्या बैठकीत उंची, रंग आणि नाकाची चर्चा ऐकली की कळते.

या सिद्धान्ताची तपासणी मुंबईतच झाली, हे मला विशेष वाटते. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये सुरू झाला आणि १९२४ पासून गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो सांभाळला. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात घुर्यांनी रिस्लींच्याच मापांची फेरमांडणी केली आणि दाखवून दिले की नाक आणि सामाजिक दर्जा यांचा मेळ गंगेच्या खोऱ्यातील काही भागापुरता बसत असला तरी इतर प्रांतांत, महाराष्ट्रातही, तो बसत नाही. पुढे १९४८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेचे मूळ शोधताना घुर्यांनी दिलेली हीच मापे हाती घेतली आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे होते ही कल्पना फेटाळून लावली. त्याआधी १९३६ मध्ये, लाहोरला जे भाषण त्यांना करूच दिले गेले नाही, त्यातही त्यांनी जात ही वेगवेगळ्या वंशांची वाटणी नसून एकाच वंशाच्या लोकांची सामाजिक वाटणी आहे असेच मांडले होते.

घुर्यांच्या हाताखाली एम.ए. केलेली एक विद्यार्थिनी या सगळ्याच्या आधी, १९२८ साली, बर्लिनला गेली होती. इरावती कर्वे. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. जर्मनीच्या ताब्यातील नैऋत्य आफ्रिकेत जाऊन मिश्र संततीची मापे घेणारे आणि पुढे नाझी राजवटीच्या वंशशास्त्राला आधार देणारे हेच ते फिशर. माणसाच्या कवटीची उजवी आणि डावी बाजू सारखी नसते. या असमतोलाचा वंशाशी, आणि म्हणून बुद्धीशी, संबंध असला पाहिजे अशी धारणा फिशर यांच्या संस्थेत होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष प्रबंधात लिहिला. परक्या देशात, तेही मार्गदर्शकाच्याच धारणेविरुद्ध, पंचविशीतल्या मराठी मुलीने असे लिहिणे म्हणजे काय, याचा विचार मी भाषांतर करताना अनेकदा करते. आयुष्याच्या उत्तरार्धापर्यंत इरावतीबाई महाराष्ट्रात गावोगाव फिरून माणसे मोजत राहिल्या, हेही इथे नोंदवायला हवे. मापे घेणे हा त्यांच्या पिढीच्या मानवशास्त्राचा धर्मच होता. प्रश्न मापांतून काय बोलवून घ्यायचे हा होता.

नंतरच्या काळात हा वाद कवटीवरून जनुकांकडे गेला. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ साली हिशेब मांडला की माणसांमधील जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता कोणत्याही एका लोकसमूहाच्या आतच सापडते; ज्यांना आपण वंश म्हणतो त्यांच्यातील फरकाच्या वाट्याला सहा-सात टक्केच उरतात. कातडीचा रंग प्रामुख्याने सूर्याच्या अतिनील किरणांशी जुळवून घेण्यातून ठरतो, म्हणून सॉलोमन बेटांवरचा काळा माणूस आणि नायजेरियातला काळा माणूस दिसायला जवळचे असले तरी वंशावळीने एकमेकांपासून फार लांबचे असतात. म्हणजे वंश ही निसर्गाने आखलेली रेघ नव्हे. ती माणसांनी, बहुधा सत्ता हातात असलेल्या माणसांनी आखलेली आहे. मात्र आखलेली रेघही खरी होऊन बसते, कारण तिच्या आधारे घर, नोकरी आणि जीव यांचे निर्णय होतात. वंश नाहीत म्हणजे वंशवादही नाही, असा युक्तिवाद कुणी केला तर तो भुते नाहीत म्हणून भुताच्या नावाने झालेली मारहाणही झाली नाही असे म्हणण्यासारखा आहे.

एथ्निसिटीकडे वळते. मुंबईतल्या महाविद्यालयांत वर्षातून एकदा एथ्निक डे साजरा होतो, त्या दिवशी मुली नऊवारी नेसून आणि मुले फेटे बांधून लोकलच्या गर्दीत शिरतात. या मुलांना एथ्निकचा अर्थ विचारला तर ती आपल्या लोकांचा पोशाख असे काहीतरी सांगतील. पंडितांच्या वांशिकतेपेक्षा हे उत्तर मूळ कल्पनेच्या पुष्कळ जवळ आहे. भाषा, खाणेपिणे, सण, देवधर्म, पूर्वजांच्या कथा, अमक्या गावाहून आपण आलो ही आठवण, आणि या सगळ्यामुळे आपण एक लोक आहोत असे स्वतःला आणि इतरांना वाटणे, म्हणजे एथ्निसिटी. वंश बहुधा बाहेरचा माणूस तुमच्या चेहऱ्याकडे बघून ठरवतो. ही ओळख पुष्कळशी आतून येते. माझ्या भाषांतरात मी तिला लोकसमूहाची ओळख असे लांबलचक, पण वंशाचा स्पर्श नसलेले नाव दिले आहे. संपादकांना ते आवडलेले नाही.

फरक पाहायचा तर आपल्या बेने इस्रायलींकडे, म्हणजे कोकणातल्या ज्यूंकडे, पाहावे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण झालो, अशी त्यांची कथा. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला आणि म्हणून त्यांना शनवार तेली हे नाव पडले. घरात मराठी, आडनावे किहिमकर, दिवेकर अशी गावांवरून पडलेली, बायका साड्या नेसणाऱ्या, आणि नवस फेडताना एलिया नबीच्या नावाने मलिदा. चेहऱ्यावरून त्यांना शेजारच्या आगऱ्यापासून किंवा भंडाऱ्यापासून वेगळे ओळखणे कुणाला जमले नसते. सॅम्युअल दिवेकर यांनी १७९६ साली स्थापन केलेले प्रार्थनामंदिर मांडवी भागात आजही आहे. लोक त्याला जुनी मशीद म्हणत, आणि मस्जिद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. थोडक्यात, दिसणे शेजाऱ्यासारखे आणि लोक मात्र वेगळे.

पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. या छोट्याशा समाजाच्या आत पुन्हा गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल अशी विभागणी होती. ज्यांच्या आईकडची बाजू बाहेरची मानली गेली ते काळे. पूर्वी त्यांच्याशी गोऱ्यांचा बेटीव्यवहार होत नसे. १९४८ नंतर बेने इस्रायली मोठ्या संख्येने इस्रायलला गेले, आणि तिथे १९६१ च्या सुमारास धर्मपीठाने त्यांच्याच ज्यूपणाविषयी शंका काढली. इतर ज्यूंशी लग्न करायचे तर पिढ्यांची चौकशी व्हावी असा आदेश निघाला. आंदोलने झाली, आणि १९६४ मध्ये ते सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याचे मान्य करण्यात आले. कोकणात ज्यांनी आपल्यातल्या काहींना काळे ठरवले होते, त्यांच्याच पूर्वजांविषयी जेरुसलेममध्ये प्रश्न विचारले गेले. यात सूडाचे समाधान मानण्यासारखे काही नाही, परंतु माझ्या परिभाषेच्या यादीला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

लोकसमूहाची ओळख आतून येते असे मी वर म्हटले, तरी तिच्यात जन्माची अट शिरली की ती वंशाच्या अगदी जवळ जाऊन उभी राहते. याचा मुंबईतला प्रसिद्ध दाखला पारशी पंचायतीच्या खटल्याचा. रतनजी दादाभाई टाटा यांनी १९०३ साली सुझान ब्रिएर या फ्रेंच तरुणीशी लग्न केले, तिची नवजोत, म्हणजे धर्मदीक्षा, झाली, आणि मग अग्यारी व दख्मा (मृतदेह ठेवण्याची जागा) यांवर तिचा हक्क आहे का, हा प्रश्न उच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांनी १९०८ मध्ये निकाल दिला, त्याचे सार असे की झरथुस्त्री धर्मात धर्मांतराला जागा असली तरी पारशी हे धर्माचे नव्हे, समूहाचे नाव आहे: इराणहून आलेल्या मूळ लोकांचे वंशज, पुढे आलेले झरथुस्त्री इराणी, आणि पारशी बाप व परकी आई यांची रीतसर धर्मात घेतलेली मुले. म्हणजे सुझानबाई पारशी नव्हेत, पण त्यांचा मुलगा जहांगीर, आपले जे.आर.डी., पारशी. पारशी आई आणि परका बाप असेल तर मात्र हे दार बंद. वंशाचा दिवा इथेही मुलगाच.

आता चौथा शब्द, एथ्नोसेंट्रिझम. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विल्यम समनर यांनी १९०६ च्या आपल्या ग्रंथातून तो रूढ केला. आपला समूह सगळ्याच्या मध्यभागी मानायचा आणि इतरांना त्याच मापाने मोजायचे, असा त्याचा अर्थ. मराठीत यासाठी शब्द शोधायची गरज नाही, पूर्ण वाक्यच तयार आहे: आमच्यात असे नसते. आमटीत गूळ घालण्यापासून विधवेच्या कुंकवापर्यंत कोणत्याही विषयावर हे वाक्य चालते. न कळणाऱ्या दक्षिणी भाषेला यंडुगुंडू म्हणणारे आपणच, आणि अस्पष्ट बोलणाऱ्याला म्लेच्छ म्हणणारे आपले पूर्वजही त्याच पंथाचे; ग्रीकांनी परक्यांना बार्बारोस म्हटले तेही त्यांचे बोलणे बरबर असे ऐकू येई म्हणून. मुंबईत मराठी माणसाला घाटी म्हणून हिणवले जाते तेव्हा आपल्याला जे लागते, ते आपण दुसऱ्याला लावतो तेव्हा आपल्या लक्षात येत नाही, एवढाच या वृत्तीचा दोष म्हणावा. ती बहुतेक सगळ्यांत असते आणि सहवासाने पातळ होते. ज्या घरांतून एके काळी इडलीला नाके मुरडली गेली असतील, त्याच घरांत आज रविवारी सकाळी सांबाराचा वास येतो.

वासावरून आठवले. १९९४ साली नव्याने संसार मांडताना बोरिवलीत आम्ही एक घर जवळजवळ पक्के केले होते. बयाणा देण्याच्या दिवशी घरमालकाने विचारले, तुम्ही सुके मासे खाता का? आम्ही खरे सांगितले आणि घर गेले. त्या गृहस्थाचा मला राग आला होता, अजूनही थोडा आहे. पण त्याने आम्हांला हीन ठरवले असे मला वाटले नाही. त्याला बोंबलाचा वास नको होता. आम्ही मासे खाणे सोडले असते तर त्याने घर दिले असते. ही स्वतःच्या चुलीला जगाचा मध्य मानण्याची वृत्ती झाली. तिने आम्हांला त्रास दिला, पण त्रासातून बाहेर पडायला एक वाट ठेवली होती.

वंशवादात ती वाट नसते. तुझ्या चेहऱ्यावरून, कातडीवरून, जन्मावरून तू कसा आहेस हे मला ठाऊक आहे, ते बदलणारे नाही आणि म्हणून तुझी जागा खाली आहे, असे तो सांगतो. आणि ती जागा दाखवण्याची ताकदही त्याच्या हातात असते. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये ईशान्येकडील माणसांना रस्त्यात कोरोना म्हणून हाका मारल्या गेल्या, त्या मुंबईतही मारल्या गेल्या. त्या माणसांनी काय खाल्ले, कोणती भाषा बोलली याच्याशी त्या हाकांचा काहीही संबंध नव्हता. डोळ्यांचा आकार पुरेसा होता. नागांमध्ये आओ, अंगामी, सुमी असे किती समूह आहेत, त्यांच्या भाषा एकमेकांना कळतही नाहीत, हे हाक मारणाऱ्याच्या गावीही नव्हते. एथ्निसिटी पुसून टाकून चेहऱ्याचा एकच गठ्ठा बांधणे हे वंशवादाचे पहिले काम असते.

जातीचे काय, हा प्रश्न मराठी वाचक इथे विचारणारच. आंबेडकरांच्या म्हणण्याप्रमाणे जात म्हणजे वंश नव्हे हे मला पटते. मात्र २००१ साली डरबनला वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली तेव्हा दलित संघटनांनी जातिभेदाचा विषय तिथे मांडावा असा आग्रह धरला, भारत सरकारने विरोध केला, आणि पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समितीने वंशभेदाच्या करारातील जन्मकुळ या शब्दात जातीसारख्या व्यवस्थाही येतात असे स्पष्ट केले. मला यात विसंगती दिसत नाही. मूळ वेगळे असले तरी जन्मावरून जागा ठरवणे आणि ती बदलू न देणे ही रीत दोन्हीकडे तीच आहे. माणसे राहतात कुठे, हे पाहिले की ती उघड दिसते.

म्हणून त्या सभेकडे परत येते. पहिला आक्षेप जेवणाचा होता. एका सदस्याने अखुनी या आंबवलेल्या सोयाबीनविषयी कुठेतरी ऐकले होते आणि त्याचा वास जिन्यात पसरेल अशी त्यांना भीती होती. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लगेच उत्तर दिले की आपल्याकडे पावसाळ्यात सुकट भाजतात तेव्हा जिन्याची काय अवस्था होते ते आठवा. सगळे हसले आणि तो आक्षेप तिथेच विरला. मग एक गृहस्थ आवाज खाली आणून म्हणाले, वासाचे सोडा हो, पण असल्या चेहऱ्याच्या मुली, रात्री-अपरात्री कोण येईल-जाईल, आपल्या घरात तरुण मुले आहेत. यावर कुणीच हसले नाही आणि कुणी उत्तरही दिले नाही. मीही दिले नाही. घरमालकांनी दोन दिवसांनी दुसरा भाडेकरू पाहिला.

पहिल्या वाक्याला उत्तर देणे सोपे होते, कारण त्यात आपणही होतो, आपले बोंबील होते. दुसऱ्या वाक्यात फक्त त्या दोघी होत्या, ज्यांना सभेतील एकाही माणसाने पाहिलेले नव्हते. एका मुलीचे रुग्णालयातले काम दिवस-रात्रीच्या पाळ्यांचे होते, म्हणून ती रात्री येणार-जाणार होती. हे दलालाने अर्जासोबत लिहून दिले होते आणि तो कागद माझ्याच समोर पडलेला होता.

इतिवृत्त मी त्याच रात्री लिहिले. त्यात सदनिकेच्या विषयाखाली असे वाक्य आहे: 'खाद्यसवयींतील फरक लक्षात घेता सदस्यांनी प्रस्तावास अनुकूलता दर्शविली नाही.' व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. जो आक्षेप सभेत टिकला नव्हता तो मी कारण म्हणून नोंदवला आणि ज्याने निर्णय झाला तो वगळला. चार शब्दांमधील फरकांवर तीन आठवडे घालवलेल्या बाईने एकाच्या जागी दुसरा ठेवला, आणि तोही जो ऐकायला सौम्य वाटतो तो.

पुढची सभा येत्या रविवारी आहे. विषय क्रमांक एक नेहमीचाच, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. त्या वाक्याची दुरुस्ती मी लिहून काढली आहे. गृहस्थांचे नाव घातलेले नाही, त्यांचे वाक्य घातले आहे, आणि त्याला कुणीही हरकत घेतली नाही, इतिवृत्त लिहिणारीनेही नाही, असे पुढे जोडले आहे. अध्यक्षांना आज सकाळी प्रत दाखवली. एवढे खोलात जायची काय गरज, असे ते म्हणाले, आणि मग थोडे थांबून, आपल्यात असे लिहीत नाहीत.